खाजेला उजेडाचा उतारा

मराठीत दुखण्याला जेवढा मान आहे तेवढा खाजेला नाही. कुणी जुनं भांडण उकरून काढलं की आपण 'खाजवून खरूज काढली' म्हणतो. नको त्या कामात पडणाऱ्याला 'भारी खाज आहे याला' असं म्हणून मोकळे होतो. दुखणं सोसणारा माणूस सोशिक ठरतो, खाजवणारा मात्र ओंगळ. सगळ्या भाषांत थोड्याफार फरकाने हेच असावं. बिचाऱ्या खाजेला कुणी गंभीरपणे घेतच नाही!

तर मंडळी, आज या उपेक्षित खाजेबद्दल, आणि माणसाने तिच्यावर उन्हापासून लेझरपर्यंत जो काही उजेड पाडला त्याबद्दल लिहावंसं वाटलं. गोष्ट जरा लांबची आहे. चहा घेऊन बसा.

खाजेची व्याख्या एका जर्मन वैद्याने, सॅम्युएल हाफेनरेफरने, १६६० मध्ये केली. जी संवेदना नकोशी वाटते आणि खाजवायची इच्छा उत्पन्न करते, ती खाज. एवढंच. वाचून हसू येतं, पण साडेतीनशे वर्षं उलटली तरी डॉक्टरांच्या पुस्तकांत थोड्याफार फरकाने हीच व्याख्या चालू आहे. कारण खाज मोजायचं यंत्र अजूनही नाही. ताप थर्मामीटरवर दिसतो, साखर रक्तात दिसते. खाज फक्त ज्याला आहे त्यालाच कळते.

त्यातल्या त्यात खरजेचं नशीब बरं. १६८७ मध्ये इटलीतल्या बोनोमो नावाच्या डॉक्टराने चेस्तोनी या औषधविक्या मित्राबरोबर खरजेचा किडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला आणि त्याचं चित्र काढलं. डोळ्यांना नीट न दिसणारा जीव रोगाचं कारण असू शकतो, हे इतक्या स्पष्टपणे दाखवण्याची ही पहिलीच वेळ असं मानतात. पण मोठ्या डॉक्टरांना ते पटायला जवळजवळ दीडशे वर्षं लागली! १८३४ मध्ये रेनुची नावाच्या कॉर्सिकाच्या विद्यार्थ्याने पॅरिसच्या इस्पितळात सगळ्यांसमोर सुईच्या टोकाने किडा काढून दाखवला, तेव्हा कुठे वाद मिटला. आणि ही विद्या तो शिकला कुणाकडून? गावाकडच्या बायकांकडून. त्या पिढ्यान् पिढ्या आपल्या पोरांच्या हातातून तो किडा सुईने काढत होत्या. असो.

पण किडा सापडला की मारता येतो. खरा प्रश्न त्या खाजेचा, जिच्यामागे किडा नाही. इसब, सोरायसिस, मूत्रपिंडं निकामी झालेल्यांच्या अंगाला सुटणारी खाज, किंवा हातापायांवर गाठी गाठी उठवणारा प्रुरायगो. महिनोन् महिने, वर्षानुवर्षं. फ्रेंच राज्यक्रांतीतला तो मारा आठवतो? त्याला असाच कसलातरी त्वचारोग होता. खाज शमावी म्हणून तो तासन् तास टबात बसून राही, तिथेच फळी टाकून लिहीत असे. १३ जुलै १७९३ ला शार्लट कोर्देने त्याला भोसकलं तेही टबातच. दाव्हिदने काढलेलं ते प्रसिद्ध चित्र पाहताना आपण सुरा बघतो, रक्त बघतो, हातातली चिठ्ठी बघतो. पण हा माणूस मुळात दिवसाढवळ्या टबात का बसलाय, हा प्रश्न फार कमी जणांना पडतो.

आमच्या घरात हा विषय अनोळखी नाही. माझ्या मावशीला तीसेक वर्षं सोरायसिस आहे, हे वाचणाऱ्या नातेवाईकांना ठाऊक आहेच. तिचं एक वाक्य माझ्या डोक्यात कायमचं बसलंय. ती म्हणते, "दुखतंय म्हटलं की माणसं जवळ येतात, खाजतंय म्हटलं की लांब सरकतात." लग्नाकार्यात लांब बाह्यांचं पोलकं, पंगतीत वाढायला पुढे न होणं, कुणी हळदीकुंकवाला हात पुढे केला की क्षणभर अडखळणं... सोरायसिस संसर्गाने होत नाही हे तिला माहीत आहे, मलाही माहीत आहे. समोरच्याला माहीत आहे की नाही, हे मात्र दर वेळी नव्याने तपासावं लागतं. ही गोष्ट शोधत मी मागे मागे गेले ती खरं तर तिच्यामुळेच.

त्वचारोगावर ऊन हा उपाय जुनाच. आयुर्वेदात कोडासाठी बाकुची, म्हणजे आपली बावची, सांगितली आहे. इजिप्तमध्ये नाईलच्या काठी उगवणारी अशीच एक वनस्पती कोडावर वापरत. औषध घ्यायचं किंवा लावायचं आणि उन्हात बसायचं, ही दोन्हीकडची रीत. दोन वेगळ्या प्रदेशांत, दोन वेगळ्या झाडांच्या बिया, आणि आत निघालं काय? सोरालेन नावाच्या एकाच कुटुंबातली द्रव्यं! ही द्रव्यं कातडीला उजेडाबाबत हळवी करतात. १९४० च्या दशकात कैरोच्या एल मोफ्ती यांनी त्या इजिप्शियन झाडातून वेगळं काढलेलं द्रव्य रुग्णांना देऊन उन्हात बसवलं, आणि जुन्या रीतीला नव्या वैद्यकाचं दार उघडलं. (इथे एक सावधगिरीची सूचना. हे वाचून कुणी घरात बावचीचं तेल चोपडून गच्चीवर बसू नये. फोड येईपर्यंत कातडी भाजते. जे हळवं करतं ते जाळतंही.)

दिव्याची गोष्ट मात्र डेन्मार्कची. नील्स रायबर्ग फिन्सन, जन्म १८६० चा, फेरो बेटांवरचा. तिथे ऊन म्हणजे आपल्याकडच्या पावसाळ्यातल्यासारखं, कधी तरी डोकावणारं. तरुणपणीच त्याला एक असाध्य आजार जडला होता, थकवा कायमचा. उन्हात बसलं की बरं वाटतं हे त्याला स्वतःवरून जाणवत होतं, आणि मग 'उजेड शरीरात नेमकं करतो काय' या प्रश्नाने त्याला पछाडलं. १८९५ मध्ये त्याने कोपनहेगनच्या वीज कंपनीतल्या एका इंजिनिअरच्या चेहऱ्यावर कार्बन आर्क दिव्याचा झोत रोज रोज टाकायला सुरुवात केली. त्या माणसाला लुपस व्हल्गॅरिस, म्हणजे कातडीचा क्षय होता. हा रोग चेहरा खाऊन टाकायचा. आणि तो काही महिन्यांत सुधारला! पुढच्याच वर्षी फिन्सनची संस्था उभी राहिली, १९०३ मध्ये नोबेल मिळालं. तोवर फिन्सन चाकाच्या खुर्चीत होता. बक्षिसाच्या रकमेतला मोठा भाग त्याने आपल्या संस्थेला आणि रुग्णालयाला देऊन टाकला आणि १९०४ च्या सप्टेंबरात, वयाच्या ४३ व्या वर्षी, तो गेला.

त्या उपचाराची पद्धत ऐकण्यासारखी आहे. मोठा दिवा, त्याला दुर्बिणीसारख्या नळ्या, खाली खाटांवर रुग्ण. प्रत्येकाशेजारी एक नर्स भिंगाने कातडी दाबून धरून बसलेली, कारण रक्त बाजूला सारलं की उजेड आत शिरतो. एका वेळी नाण्याएवढा तुकडा, तासभर. दुसऱ्या दिवशी शेजारचा तुकडा. असं महिनोन् महिने. हे नाण्याएवढ्या तुकड्याचं लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

गंमत म्हणजे, उजेडातले अतिनील किरण जंतू मारतात म्हणून रोगी बरे होतात असं तेव्हा समजत. २००५ मध्ये डेन्मार्कच्याच संशोधकांनी फिन्सनची जुनी भिंगं बाहेर काढून तपासली. त्यांतून जंतू मारणारे आखूड अतिनील किरण आरपार जातच नव्हते! क्षयाच्या जंतूंमध्ये स्वतःचीच काही रंगद्रव्यं असतात, ती उजेड शोषून जंतूंना मारत असावीत असा त्यांचा निष्कर्ष. म्हणजे उपाय बरोबर, कारण वेगळंच.

फिन्सनचा क्षय खाजेचा रोग नव्हे. पण 'दिव्याने कातडी बरी होते' ही कल्पना रुजली ती रुजलीच. १९२५ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या गोकरमन यांनी सोरायसिसच्या रुग्णांना डांबराचं मलम फासून वर अतिनील दिवा लावायला सुरुवात केली. वास घाण, चादरी काळ्या, आठवडेच्या आठवडे इस्पितळात मुक्काम. पण गुण यायचा. पुढची अर्धी सदी हा उपाय टिकून राहिला.

मग १९७४ साल. बॉस्टनमध्ये जॉन पॅरिश, फिट्झपॅट्रिक आणि सहकाऱ्यांनी सोरालेनची गोळी आणि लांब तरंगलांबीचे अतिनील किरण यांची जोडी सोरायसिसवर वापरली. हाच तो 'पुव्हा' उपचार. त्या निबंधावरच्या चार नावांतलं एक पाठक असं आहे. आडनाव वाचून आपण थबकतोच की नाही! गुण झपाट्याने यायचा. आपल्याकडे महागड्या दिव्यांऐवजी डॉक्टरांनी फुकटचं ऊन वापरलं आणि त्याचं नाव पडलं 'पुव्हासोल'. म्हणजे बावची आणि ऊन ही जुनी जोडी बॉस्टनला वळसा घालून, गोळीचा आणि मिनिटांचा हिशेब घेऊन, घरी परत आली. पण पुढे वर्षानुवर्षं रुग्णांचा पाठपुरावा केल्यावर दिसलं की पुव्हा खूप वेळा घेतलेल्या गोऱ्या रुग्णांत कातडीच्या कर्करोगाचं प्रमाण वाढतं. फुकट काहीच नसतं.

खाजेच्या दृष्टीने मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते १९७७ साल. मूत्रपिंडं निकामी होऊन डायलिसिसवर असलेल्यांना भयंकर खाज सुटते. अंगावर पुरळ नाही, काही नाही, नुसती खाज. झोप नाही. डॉ. बार्बरा गिलख्रेस्ट यांनी या रुग्णांना आखूड तरंगलांबीचे, म्हणजे यूव्हीबी, किरण दिले आणि बहुतेकांची खाज ओसरली. नंतर त्यांनी काही जणांच्या अर्ध्याच अंगावर किरण टाकून पाहिले. तर खाज कमी झाली दोन्हीकडची! म्हणजे उजेड कातडीवर पडतो, पण निरोप सगळ्या शरीराला जातो. आज आपल्याला थोडं अधिक कळतं. हे किरण कातडीतल्या चवताळलेल्या पांढऱ्या पेशी कमी करतात, खाजेची रसायनं ओतणाऱ्या पेशींना शांत करतात, आणि वरच्या थरात घुसलेली मज्जातंतूंची टोकंही मागे घेतली जातात. पण १९७७ चं महत्त्व माझ्या मते वेगळंच. एका मोठ्या नियतकालिकात कुणीतरी रोग नव्हे, तर खाज हाच प्रश्न धरून उत्तर शोधलं होतं.

आता प्रश्न उरला की नेमका कुठला उजेड? याचं उत्तर पुन्हा पॅरिशनेच दिलं. १९८१ मध्ये त्याने आणि येनिके यांनी सोरायसिसच्या चट्ट्यांवर एकेक तरंगलांबी वेगळी करून टाकून पाहिली. २९० नॅनोमीटरपर्यंतचे किरण कातडी भाजत, पण गुण शून्य. २९६ ते ३१३ च्या पट्ट्यात मात्र गुण. ३१३ ला तर कातडी लाल व्हायच्या आतच. म्हणजे इतकी वर्षं दिव्यातला बराचसा उजेड नुसता भाजायचंच काम करत होता! मग फिलिप्स कंपनीने ३११ नॅनोमीटरच्या आसपासच उजेड देणारी ट्यूब बनवली. १९८८ पासून तिचे निकाल छापून येऊ लागले. 'नॅरोबँड' म्हणतात ती हीच. मोठ्या शहरांतल्या त्वचारोगतज्ज्ञांकडे उभ्या कपाटासारखी ट्यूबलाईटी लावलेली खोली दिसते, ती या ट्यूबांची.

आणि लेझर? त्याची गोष्ट तोवर शेजारच्या रुळावरून धावत होती. आइन्स्टाइनने १९१७ मध्ये तत्त्व मांडलं, १६ मे १९६० ला कॅलिफोर्नियात मेमनने माणकाच्या कांडीतून पहिला लेझर झोत काढला. नवं यंत्र कातडीवर वापरून पाहणाऱ्या पहिल्या डॉक्टरांपैकी सिनसिनाटीचे लिऑन गोल्डमन. १९६४ मध्ये बेल लॅब्समध्ये कार्बन डायऑक्साइड लेझर बनवला कुमार पटेल यांनी. हे बारामतीत जन्मलेले, पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकलेले! कातडीवरचे मस, गाठी जाळायला हा लेझर आजही वापरतात. पण जाळणं म्हणजे खाजेवरचा उपाय नव्हे.

त्यासाठी लागणारा लेझर निघाला वेगळ्याच कुळातून. १९७० मध्ये मॉस्कोच्या लेबेडेव्ह संस्थेत बासोव्ह आणि सहकाऱ्यांनी पहिला एक्झायमर लेझर बनवला. झेनॉन हा वायू एरवी फारसा कुणाशी जोडी करत नाही, अगदी विरागी. पण विजेने चेतवला की क्लोरिनच्या अणूशी क्षणभर जोडी जमवतो, आणि ती जोडी मोडताना नेमका ३०८ नॅनोमीटरचा उजेड बाहेर पडतो. याच कुळातल्या १९३ नॅनोमीटरच्या लेझरने रंगास्वामी श्रीनिवासन यांनी १९८१ मध्ये आयबीएमच्या प्रयोगशाळेत, आदल्या दिवशीच्या मेजवानीतून उरलेल्या टर्कीच्या तुकड्यावर न भाजता रेघा कोरल्या. त्यातूनच पुढे चष्म्याचा नंबर घालवणारी शस्त्रक्रिया आली. ती सगळ्यांना ठाऊक आहे. तिचं ३०८ वालं भावंडं मात्र फारसं कुणाला ठाऊक नाही.

३०८ आणि ३११. आकडे बघा, अगदी शेजारी शेजारी! १९९७ मध्ये हंगेरीतल्या सेगेदच्या डॉक्टरांनी हा झेनॉन-क्लोराइड लेझर सोरायसिसच्या चट्ट्यांवर वापरला आणि तो निबंध 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. २००० मध्ये अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली. २००२ च्या एका मोठ्या पाहणीत, ठरलेले उपचार घेतलेल्यांपैकी ७२ टक्के लोकांचे चट्टे सरासरी सहा-सात बैठकांत तीन चतुर्थांश निवळले. नॅरोबँडच्या कपाटात यासाठी वीस-तीस वेळा तरी उभं राहावं लागतं. कारण साधं आहे. कपाटात सगळं अंग उजेडात, त्यामुळे चांगली कातडी सोसेल तेवढाच डोस. लेझरची नळी फक्त चट्ट्यावर टेकवायची, म्हणून डोस कितीतरी जास्त. पुढे प्रुरायगोच्या गाठींवर, इसबाच्या हट्टी जागांवरही तो वापरला गेला. ॲमस्टरडॅममध्ये २०१० साली झालेल्या एका छोट्या प्रयोगात तीव्र स्टिरॉइड मलमाशी त्याची तुलना झाली, आणि उपचार थांबल्यानंतरच्या काळात लेझरची बाजू अधिक बरी राहिली.

आणि आता ते नाणं आठवा. एक्झायमर लेझरचा ठिपका जेमतेम एक-दोन सेंटिमीटरचा. फिन्सनच्या नर्सने तासभर दाबून धरलेला नाण्याएवढा तुकडा, शंभर वर्षांनी तेवढाच, फक्त काही सेकंदांचा. मला ही गोष्ट फार आवडते. विज्ञान पुढे गेलं ते उजेड वाढवून नाही, तर कमी करत करत. आधी सगळं ऊन, मग दिवा, मग दिव्यातली एक पट्टी, मग पट्टीतली एक रेघ.

पण याच ठिपक्यात त्याची मर्यादाही आहे. अंगाच्या दहा टक्क्यांहून जास्त भाग व्यापला असेल तर या नळीने किती पुरं पडणार? गुडघे, कोपर, तळहात, टाळू यांच्यासाठी ठीक. शिवाय आपल्या सावळ्या कातडीवर उपचारानंतर काळे डाग पडतात आणि ते महिनोन् महिने राहतात. कधी फोड येतात. आठवड्यातून दोन-तीन फेऱ्या माराव्या लागतात, हे तालुक्याच्या गावाहून शहरात येणाऱ्याला कसं जमावं? आणि सगळ्यात महत्त्वाचं, हा उपाय रोग मुळापासून उपटत नाही. शांत करतो. काही महिने, नशीब असेल तर वर्ष. मग पुन्हा.

म्हणून 'लेझरने खाजेपासून कायमची सुटका' अशा पाट्या दिसल्या की माझं डोकं फिरतं. लेझर हा काही एक उपाय नव्हे. केस काढायचा वेगळा, डाग घालवायचा वेगळा, मस जाळायचा वेगळा, आणि हा ३०८ वाला वेगळा. मावशीला अशाच एका ठिकाणी आगाऊ पैसे भरून दहा बैठकांचं 'पॅकेज' घ्यायला लावलं होतं. कुठला लेझर, किती नॅनोमीटर, असं विचारलं तर काउंटरवरची मुलगी म्हणाली, "मॅडम, इंपोर्टेड आहे." :) दहा बैठका झाल्या, चट्टे होते तिथेच. पैशांपेक्षा वाईट वाटलं ते तिच्या आशेचं. तीस वर्षं खाजवणाऱ्या माणसाकडे आशा काही फार शिल्लक नसते, ती अशी कुणी उधळू नये.

त्यानंतर ती एका सरकारी रुग्णालयाच्या त्वचारोग विभागात गेली. तिथे कसलाही लेझर नव्हता, जुनं नॅरोबँडचं कपाट होतं. चार महिने गेली. बरी झाली का? नाही. पण रात्री झोपते. खाजेच्या रोग्याला विचारा, झोप म्हणजे काय चीज असते ते.

पुढचं पर्व बहुधा उजेडाचं नसेल. ज्या १९९७ मध्ये सेगेदचा निबंध आला, त्याच वर्षी जर्मनीत श्मेल्झ आणि सहकाऱ्यांनी खाज वाहून नेणारे मज्जातंतू वेगळे असतात हे माणसात दाखवलं. म्हणजे खाज म्हणजे बारकंसं दुखणं, हा जुना समज गेला. २०१७ नंतर इसबावर आणि २०२४ मध्ये प्रुरायगोवर खाजेचा निरोपच अडवणारी इंजेक्शनं अमेरिकेत मंजूर झाली. प्रचंड महाग आहेत. ती आपल्या तालुक्याच्या गावापर्यंत कधी पोचतील ते पोचोत.

तोवर दोन गोष्टी आपल्या हातातल्या आहेत. कुणी लेझर म्हणालं तर कुठला आणि कशासाठी, हे न लाजता विचारायचं. आणि कुणी "खाजतंय गं" म्हणालं, तर लांब न सरकता शेजारी बसायचं. याला ना परवानगी लागते, ना पॅकेज.